सरांच्या रिपोर्टवर माझा शिक्का

‘माझं वय ३३. सिव्हिलमध्ये बी.ई., स्ट्रक्चर्समध्ये एम.ई. ज्या सरांकडे नोकरीला लागले, त्यांच्याकडेच सगळं शिकले. मागच्या वर्षी महापालिकेचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लायसन्स मिळालं. सरांच्या लायसन्सचं नूतनीकरण कुठेतरी अडकलंय, म्हणून सध्या ऑफिसच्या रिपोर्टवर सही-शिक्का माझा असतो. दोन सोसायट्यांच्या स्ट्रक्चरल ऑडिटवर मी इमारत न बघताच सह्या केल्या. सहीमागे पाच हजार मिळाले. आता तिसरी आली आहे, डोंबिवलीतली तळ अधिक चार, १९८८ ची, चाळीस बिऱ्हाडं. या वेळी हट्टाने जाऊन आले. पार्किंगमधल्या दोन कॉलमचं वरचं काँक्रीटचं कव्हर सुटलंय, आतल्या रिंगा गंजून तुटल्या आहेत. रिपोर्टमध्ये मात्र फक्त हॅमर चाचणीचे आकडे आणि शेरा सी-२बी, म्हणजे राहून दुरुस्ती. मी “ताबडतोब टेकू द्यावेत” हे वाक्य आणि दोन फोटो घातले. सेक्रेटरींनी सरांना फोन केला आणि सरांनी मला दोन्ही काढायला सांगितलं. म्हणाले, “लोक उगाच घाबरतील. आणि तू नाही केलीस तर पुढच्या गल्लीतला करेल.” सरांनी मला घडवलंय. सही करू का? आधीच्या दोन सह्यांचं काय? माझं लायसन्स जाईल का? आणि ते पैसे परत करावेत का?’
— सही अडलेली, कल्याण

सही करू नका. या एका प्रश्नाला ‘पण’ नाही, म्हणून तो आधी संपवतो.

त्याच्याही आधी टेकू. सदर छापून येईपर्यंत थांबणं बरं नव्हतं, म्हणून एवढा मजकूर तुम्हाला मेलने आधीच पाठवला आहे. इथे इतरांसाठी पुन्हा लिहितो. रिपोर्ट कोणाचा, शेरा कोणता, फी किती, हे सगळं नंतर. रिंगा तुटलेले दोन कॉलम तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत. सोसायटीच्या चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांनाही आजच्या तारखेचं पत्र द्या: अमुक दिवशी पाहणी केली, अमुक दोन कॉलमची ही अवस्था, त्यांच्या आजूबाजूच्या बीमना स्टीलचे टेकू लावा, तिथल्या गाड्या हलवा, पाण्याची टाकी भरून ठेवू नका. पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि मेलही टाका. दोन-तीन दिवसांत टेकू लागले नाहीत, तर त्याच पत्राची प्रत प्रभाग कार्यालयात द्या. सर रागावतील. रागावू द्या.

एवढी घाई का, ते तुम्हाला ठाऊक आहे, पण हे सदर सोसायट्यांचे सेक्रेटरीही वाचतात. स्लॅब बिघडला की तो बोलतो. पोपडे पडतात, सळ्या दिसतात, पंखा लटकतो, माणसं तक्रार करतात. कॉलम तसा बोलत नाही. त्यातल्या उभ्या सळ्यांना बाहेर फुगू न देण्याचं काम रिंगा करतात. रिंगा गंजून तुटल्या की वरच्या चार मजल्यांचं ओझं वाहणाऱ्या त्या सळ्या मोकळ्या होतात, आणि मग कॉलम जातो तो काही दिवस आधी सांगून जात नाही. त्यात पार्किंगचा मजला. वर भिंतींचा थोडाफार आधार असतो, खाली फक्त कॉलम उभे. घाटकोपरची सिद्धी साई इमारत आठवा. जुलै २०१७ मध्ये ती कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाच्या नावाखाली कॉलमना हात लावला गेल्याचा आरोप तेव्हा झाला होता. तुमच्या इमारतीत कॉलम कोणी तोडलेले नाहीत. गंज तेच काम सावकाश करतो आहे.

आता ते हॅमरचे आकडे. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या वरच्या थराचा टणकपणा सांगतो, आतलं काही सांगत नाही. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरल्यामुळे, कठीण होतो, त्यामुळे पस्तिशी ओलांडलेल्या इमारतीत आकडे कित्येकदा चांगलेच येतात. म्हणजे ज्या कार्बोनेशनमुळे आतल्या सळ्यांचं संरक्षण गेलं, त्याच कार्बोनेशनमुळे हॅमर शाबासकी देतो! हॅमरवर थांबलेला ऑडिट रिपोर्ट दिसला की मी पुढची पानं उलटतच नाही. सोबत अल्ट्रासॉनिकची चाचणी हवी, गंजासाठी हाफ-सेल हवी, कार्बोनेशन किती खोल गेलंय ते फिनॉल्फ्थॅलिन फवारून बघायला हवं, आणि शंका असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचे नळकांड्यासारखे नमुने, काढायला हवेत. हाफ-सेलचं रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. कोअरची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको, हे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातच आहे. यातलं काहीही न करता सी-२बी, म्हणजे ‘माणसं आत राहू द्या, दुरुस्ती करा’, हा शेरा आला कुठून? सोसायटीला तो हवा होता म्हणून आला.

ऑडिटच्या धंद्यातला हा रोग दोन्ही तोंडांचा आहे, हेही सांगून ठेवतो. राहणाऱ्यांना सी-२बी हवा असतो, म्हणून तसा इंजिनिअर मिळतो. पुनर्विकासाला टपलेल्याला सी-१, म्हणजे ‘रिकामी करून पाडा’, हवा असतो, म्हणून त्यालाही इंजिनिअर मिळतो. एकाच इमारतीचे दोन उलटसुलट रिपोर्ट येऊन पडतात, म्हणून तर मुंबईत तांत्रिक सल्लागार समिती नेमावी लागली. उद्या एखादा बिल्डर तुमच्याकडे येईल आणि ठणठणीत इमारतीला सी-१ मागेल. आज सेक्रेटरींसाठी रिपोर्टातले फोटो वगळलेत, तर त्या दिवशी ‘नाही’ म्हणायला तुमच्याकडे काय उरलं असेल?

तुमचं पत्र वाचताना मला कॅनडातलं एलियट लेक आठवलं. ऑन्टारिओ प्रांतातलं हे एके काळचं युरेनियम खाणींचं गाव. तिथे १९८० साली अल्गो सेंटर नावाचा मॉल उभा राहिला. गाड्या लावायची जागा छतावर. छप्पर पहिल्यापासून गळायचं. आत बादल्या आणि ताडपत्र्या लागायच्या, लोक गमतीने त्याला धबधबा म्हणायचे. मालक बदलत गेले. जो तो डागडुजी करायचा आणि पुढच्याच्या गळ्यात मारायचा. मिठाचं पाणी झिरपत राहिलं; तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाड्यांच्या चाकांबरोबर छतावर येतं. खाली पोलादी बीम-कॉलमचा एक जोड गंजत गेला. २०१२ च्या वसंतात मालकाला कर्जासाठी तपासणीचा रिपोर्ट लागला. ज्या इंजिनिअरने पाहणी केली, त्याच्यावर आधीच एका वेगळ्या प्रकरणात शिस्तभंगाची कारवाई झालेली होती आणि त्याला स्वतः सही करण्याचा अधिकार उरला नव्हता. म्हणून सही भागीदाराची. रिपोर्टात इमारत रचनेच्या दृष्टीने ठीक. मग मालकाने सांगितलं म्हणून त्या इंजिनिअरने रिपोर्टात बदल केला. गळतीचा उल्लेख आणि एक फोटो गेला. २३ जून २०१२ रोजी तोच गंजलेला जोड तुटला, छताचा तुकडा खाली आला, दोन बायका गेल्या.

तुम्हालाही रिपोर्टातून दोन फोटोच वगळायला सांगितलं आहे, आणि सही करायचा अधिकार नसलेल्या माणसाने सांगितलं आहे. म्हणून ही गोष्ट एवढी लांबवली. पुढे चौकशी आयोग बसला. २०१४ च्या अहवालात आयोगाने म्हटलं की इमारतीला हरवलं गंजाने, पण खरी गोष्ट माणसांच्या चुकांची आहे. त्या इंजिनिअरवर फौजदारी खटला झाला आणि २०१७ मध्ये तो निर्दोष सुटला. कोर्टात सुटला म्हणून त्याच्या हाती पुन्हा कोणी इमारत दिली असती असं नाही. गुन्हा वेगळा आणि लायसन्स वेगळं, हे तिकडे स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलातही तेच. १७ जुलै १९८१ ला लॉबीवर टांगलेले पादचारी पूल कोसळून ११४ माणसं मेली. मूळ ड्रॉइंगमधल्या एका लांब सळईच्या जागी फॅब्रिकेटरने, म्हणजे पोलादी भाग बनवणाऱ्या कंपनीने, दोन सळया सुचवल्या होत्या. त्यामुळे वरच्या जोडावर दुप्पट भार आला, कोणी गणित केलं नाही, आणि बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का पडला. ‘जोडाचं डिझाइन फॅब्रिकेटरचं काम होतं’ हा बचाव चालला नाही. कोणी तुरुंगात गेलं नाही, पण मिझुरी राज्याच्या मंडळाने दोन इंजिनिअरांची लायसन्स काढून घेतली. शिक्का ज्याचा, ड्रॉइंग त्याचं.

आपल्याकडे मात्र ही मधली पायरीच लंगडी आहे. वकिलांना १९६१ चा कायदा आणि बार कौन्सिल आहे, आर्किटेक्टना १९७२ चा कायदा आणि कौन्सिल आहे, सीएंची संस्था १९४९ पासून आपल्या सभासदांना नोटिसा काढते आहे. देशभरच्या इंजिनिअरांसाठी असा कायदा आजतागायत झालेला नाही. विधेयकांचे मसुदे आले आणि कपाटात गेले. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची आचारसंहिता आहे, चांगली आहे, पण सभासद नसलेल्याला ती काय करणार? तेव्हा तुमचं लायसन्स म्हणजे महापालिकेने दिलेला परवाना. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत परवानाधारकांची पात्रता, कामं, जबाबदाऱ्या एका परिशिष्टात दिल्या आहेत. तुम्ही लायसन्स काढताना त्यावर सही केली असेल, आता एकदा वाचून काढा. खोटं किंवा न बघता प्रमाणपत्र दिलं तर परवाना देणारी महापालिका तो निलंबित करू शकते, काढून घेऊ शकते. तेव्हा लायसन्स जाईल का? जाऊ शकतं.

पण आपल्याकडच्या इंजिनिअरला शिस्त कोण लावतं म्हणाल, तर बहुतेक वेळा पोलीस, आणि तेही माणसं मेल्यावर. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल पडला, सात माणसं गेली. त्याआधीच्या ऑडिटने पूल किरकोळ दुरुस्तीवर पास केला होता. काही दिवसांतच ऑडिटरला अटक झाली. मे २०२४ मध्ये घाटकोपरचं होर्डिंग कोसळून १७ जण मेले, तेव्हा स्थिरतेचं प्रमाणपत्र देणारा इंजिनिअर आत गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणात राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा पडला आणि स्ट्रक्चरल सल्लागाराला अटक झाली. त्याचा बचाव हा की माझं काम चौथऱ्यापुरतं होतं. या खटल्यांचं पुढे काय व्हायचं ते कोर्टात होईल. तुमच्यासारखीने त्यातून घ्यायचं ते एवढंच, की एफआयआर लिहिणारा हवालदार ‘हा रिपोर्ट कोणी तयार केला’ विचारत नाही, ‘सही कोणाची’ विचारतो. नवीन न्याय संहितेत निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे, आणि पोलीस बऱ्याचदा त्यावर थांबत नाहीत, थेट सदोष मनुष्यवध लावतात. त्या वेळी ‘सरांनी सांगितलं होतं’ याला काडीची किंमत नसते.

‘पुढच्या गल्लीतला करेल’ हे वाक्य मी या धंद्यात ज्या ज्या माणसाकडून ऐकलं, त्याला स्वतःचं नाव कागदावर नको होतं. करेल तर करू दे. तुमचं पत्र आणि फोटो सोसायटीच्या दप्तरात आणि प्रभाग कार्यालयात पोचलेले असले, की त्या गल्लीतल्यालाही पेन उचलताना विचार करावा लागेल.

सरांचं काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे, कायदा वगैरे बाजूचे. त्यांनी घडवलं हे खरं असेल. पण ज्यांनी तुम्हाला लोड काढायला शिकवलं, ते आज तुमचं लायसन्स वापरताहेत. त्यांचं नूतनीकरण ‘कुठेतरी अडकलंय’ म्हणजे नेमकं कुठे, हे तुम्ही विचारलेलंही दिसत नाही. विचारा. नुसती फी भरायची राहिली असेल तर गोष्ट वेगळी. महापालिकेने थांबवून ठेवलं असेल तर तुम्ही आजवर कोणासाठी ढाल झालात ते कळेल. बोलायला जाल तेव्हा ऑफिसात, सगळ्यांसमोर नको. संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये. भाषण करू नका. एवढंच म्हणा: ‘सर, ज्या साइटवर मी गेले नाही आणि ज्या टेस्ट मी लिहून दिल्या नाहीत, त्यावर यापुढे माझी सही नाही. डोंबिवलीच्या रिपोर्टात फोटो राहतील, टेकूचं वाक्य राहील, आणि बाकीच्या टेस्ट होईपर्यंत शेरा राहणार नाही.’ दुसऱ्या दिवशी हेच तीन ओळींत मेलवर टाका, ‘काल बोलल्याप्रमाणे’ म्हणून. ते समजून घेतील तर उत्तम, अशी माणसंही असतात. नाही घेतलं तर नोकरी सोडा. एम.ई. स्ट्रक्चर्स आणि लायसन्स असलेल्या बाईला ठाणे जिल्ह्यात काम मिळत नाही असे दिवस अजून आलेले नाहीत. निघताना शिक्का ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये विसरू नका. सहीची स्कॅन केलेली प्रत कोणाच्या कॉम्प्युटरवर असेल तर ती काढून टाकल्याचं लेखी घ्या, आणि ऑफिसशी संबंध संपल्याचं महापालिकेला कळवा. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि वर्षभराने कुठल्यातरी फायलीत आपलीच सही बघून चकित होतात.

आता आधीच्या दोन इमारती. याबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे. मला मात्र काळजी यांचीच जास्त आहे, कारण डोंबिवलीची निदान तुम्ही पाहिली तरी. या दोन्हींत माणसं तुमच्या सहीच्या भरवशावर झोपताहेत आणि तुम्हाला जिने कुठल्या बाजूला आहेत तेही माहीत नाही. येत्या शनिवार-रविवारी जा. पार्किंग, संडासांच्या बाहेरच्या भिंती, गच्ची, टाकीखालचे कॉलम, एवढं तरी आधी बघा. गिलावा नवा दिसला तर तिथे हातोडीने वाजवून बघा, गिलाव्याखाली काय झाकलंय ते आवाज सांगतो. रिपोर्टातलं आणि जागेवरचं जुळत असेल तर स्वतःचं पाहणीचं टिपण तारखेसह फाइलला लावा आणि टेस्ट पुरेशा नसतील तर पुरवणी चाचण्या सुचवा. जुळत नसेल तर सोसायटीला आणि महापालिकेला लेखी कळवा, की अमुक तारखेचं प्रमाणपत्र मी मागे घेत आहे, फेरतपासणी करून नवीन देईन. यात कमीपणा आहे, कदाचित कारवाईही होईल, ते नाकारत नाही. म्हणून ते पत्र देण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. मी इंजिनिअर आहे, वकील नाही. पण स्वतःहून मागे घेतलेलं प्रमाणपत्र आणि पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून निघालेलं प्रमाणपत्र, यात कोणतंही कोर्ट आणि कोणतीही महापालिका फरक करते.

चाळीस घरांची भीती खोटी नाही, तिला हसण्यावारी नेऊ नका. सेक्रेटरी दुष्ट माणूस असेलच असं नाही. ‘बाहेर काढलं की परत घर मिळत नाही’ हे त्याने आसपास पाहिलं असेल. म्हणून सर्वसाधारण सभेत स्वतः जा आणि फोटो स्क्रीनवर दाखवा. सांगा की शेरा अजून ठरलेला नाही. टेस्टनंतर कदाचित दोन-चार कॉलमचं जॅकेटिंग करून, म्हणजे त्यांच्याभोवती नवं आवरण चढवून, टेकूंवर, टप्प्याटप्प्याने काम होईल. कदाचित काही घरं काही महिने रिकामी करावी लागतील. कदाचित इमारतच जाईल. जायची वेळ आलीच तर रिकामं करण्याआधी प्रत्येकाच्या घराचं क्षेत्रफळ मोजून महापालिकेकडून लेखी घ्या, हेही त्यांना तुम्हीच सांगा. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीला नोंदणीकृत इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं आणि सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी ऑडिट लागतं, हे त्यांच्यावर कोणी लादलेलं नाही, त्यांच्याच जिवासाठी आहे. माणसं आधी ओरडतील. मग कोणीतरी आजी विचारेल की माझ्या खोलीखालचा कॉलम कुठला. तिला घेऊन पार्किंगमध्ये जा.

यापुढच्या कामांत तीन गोष्टींवर अडून बसा. कामाची व्याप्ती नेमणूकपत्रात लिहून घ्या: काय बघणार, काय बघणार नाही, कुठे कुलूप असल्याने जाता आलं नाही. रिपोर्टच्या प्रत्येक पानावर सही करा आणि फोटोंची संख्या शेवटच्या पानावर अक्षरी लिहा, म्हणजे कोणाला मधलं पान बदलावंसं वाटणार नाही. आणि फी शेऱ्यावर अवलंबून ठेवू नका; अर्धी पाहणीआधी, उरलेली टेस्ट झाल्यावर, रिपोर्ट हातात देण्याआधी.

राहिले पैसे. परत करू नका. सरांना परत केलेत तर ते दुसऱ्या कोणाच्या सहीला लागतील, आणि सोसायटीला द्यायला गेलात तर तिला कशाबद्दल देताय ते सांगावं लागेल, जे तसंही लेखी सांगायचंच आहे. त्या दोन इमारतींच्या पुरवणी टेस्ट तुम्ही सुचवाल तेव्हा सोसायट्या म्हणतील, एकदा ऑडिटचे पैसे दिले, आता पुन्हा कशाला. तिथे ते दहा हजार घाला आणि वर लागतील ते पदरचे. लॅबची पावती मात्र सोसायटीच्या नावाने घ्या.